पटकथेचा साचा शिकवता येतो; लिहिण्याची वेळ ज्याची त्याने शोधावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरू लागला, तेव्हापासून नोव्हेंबर जवळ आला की आपल्याकडे पटकथालेखनाच्या कार्यशाळांना आणि वर्तमानपत्रांतील मार्गदर्शनपर लेखांना भर येतो. आपल्या पुरवणीतही नवोदितांसाठी अशा प्रकारचे लेखन अलीकडे येत आहे आणि मी ते नेमाने वाचते. पहिल्या काही पानांत प्रेक्षकाला पात्राची ओढ लागली पाहिजे, मध्यावर गोष्टीने कूस बदलली पाहिजे, प्रसंग शक्य तितका उशिरा सुरू करून शक्य तितका लवकर सोडावा, या सूचनांविषयी माझी काहीच तक्रार नाही. आपल्या नाट्यशास्त्रातही मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेतच. गोष्टीला हाडांचा सापळा लागतो हे आपल्याला कोणी परक्याने शिकवावे लागले नाही. माझा आक्षेप आहे तो या लेखांच्या शेवटी ठरावीकपणे येणाऱ्या एका परिच्छेदाला. पहाटे पाचला उठा, दुसरे काहीही करण्यापूर्वी तीन पाने लिहा, भिंतीवर प्रसंगांची कार्डे लावा, आणि हे जमत नसेल तर लेखनाचा नाद सोडा, असा त्याचा आशय असतो. पटकथा कशी असावी याबद्दलचे ज्ञान आणि ती कोणी, केव्हा, कुठे बसून लिहावी याबद्दलचा हुकूम या दोन गोष्टी एकाच सुरात सांगितल्या जातात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे दुसरीने पुष्कळ नुकसान होते.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, पणजीत नोकरी करते आणि नदीपलीकडच्या चोडण बेटावर राहते. गेली नऊ वर्षे पटकथा लिहिते आहे. त्यांतल्या दोन लघुपटांचे चित्रीकरण झाले आणि एका पूर्ण लांबीच्या पटकथेचा चौथा खर्डा सध्या हातात आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण नऊ वर्षांत एवढेच झाले हे काही मिरवण्यासारखे नव्हे. त्यातले जवळजवळ एक वर्ष मात्र एका सल्ल्यापायी वाया गेले, आणि ते कसे गेले हे मोकळेपणाने सांगितले तर कदाचित दुसऱ्या कोणाचे वाचेल.

काही वर्षांपूर्वी मी दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले होते. मार्गदर्शक अनुभवी होते, पहिला दिवस खरोखर चांगला गेला, आणि दृश्यातून माहिती कशी द्यावी याचे त्यांनी दिलेले काही धडे मी आजही वापरते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची दिनचर्या सांगितली आणि तीच सगळ्यांनी पाळावी असा आग्रह धरला. मी निमूटपणे घरी येऊन घड्याळाला गजर लावला. आमच्याकडे पहाटे पाचलाच नळाला पाणी येते. एका कानाने पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत, ते भरून वाहायच्या आत उठण्याच्या तयारीने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी सहा आठवडे रोज तीन पाने लिहिली. त्या पानांतली सगळी पात्रे एकसारखीच बोलत होती, म्हणजे माझ्यासारखी, आणि तीही अर्धवट झोपेत असल्यासारखी. त्यांच्यापैकी कोणालाही काही हवे नव्हते. सगळ्यांना केवळ आपले मन मोकळे करायचे होते. रोजनिशी म्हणून ते लेखन ठीक होते, पण पटकथेतले प्रत्येक वाक्य कोणीतरी पाहणार किंवा ऐकणार असते, आणि या पानांत पाहण्यासारखे काही नव्हते. सातव्या आठवड्यात मी गजर बंद केला. त्याबरोबर लेखनही बंद झाले, कारण ज्याला पहाटे उठता येत नाही तो लेखक नव्हे, हे वाक्य डोक्यात पक्के बसले होते.

ते वाक्य खोटे आहे हे चित्रपटाच्या इतिहासात डोकावले तरी कळते. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून सुरू केले, काम सुट्टीच्या दिवशी चाले. १९५५ साली पूर्ण झालेल्या त्या चित्रपटासाठी रूढ अर्थाने पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हतीच. राय यांच्याजवळ होत्या त्या चित्रमालिका, म्हणजे एकेका चौकटीची शाईने काढलेली रेखाटने, आणि सोबतच्या टिपणी. पुढे ते ज्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत पटकथा लिहीत, त्या बंगालमधले व्यापारी हिशेबासाठी वापरतात त्या प्रकारच्या होत्या. याउलट जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’साठी हाशिमोतो आणि ओगुनी या दोघा लेखकांना बरोबर घेऊन एका सरायीत सहा आठवड्यांच्या आसपास मुक्काम ठोकला आणि तिघांनी मिळून पटकथा तयार केली. त्यातही ओगुनी यांचे मुख्य काम लिहिण्याचे नव्हते. इतरांनी लिहिलेले वाचून हे चालेल, हे चालणार नाही, असे सांगण्याचे होते. एकाला कागदावर चित्र काढल्याशिवाय प्रसंग दिसत नव्हता, दुसऱ्याला समोर भांडायला माणसे हवी होती. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या खोलीत नेऊन बसवले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

कोणी म्हणेल की ते थोर होते, नवशिक्याला शिस्तच लागते. शिस्त लागते हे मलाही मान्य आहे; प्रश्न शिस्त कशाची, एवढाच आहे. लेखन थांबल्यानंतर सुमारे दहा महिन्यांनी, ऑफिसातली जुनी कपाटे रिकामी करताना, संगणक आल्यावर कोरी राहिलेली एक जाडजूड खतावणी, म्हणजे हिशेबाची वही, मला मिळाली. साहेबांनी ती घरी न्यायला परवानगी दिली. हिशेबनिसाला रकाने दिसले की ते भरल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्या वहीत तीस दिवसांचा रोजमेळ ठेवला : तारीख, वेळ, जागा, काम कोणते केले, आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे आठवड्याने पुन्हा वाचल्यावर त्यातले किती टिकले. किती पाने लिहिली याची नोंद मुद्दामच ठेवली नाही, कारण पाने वाढवणे मला फार सोपे जाते, हे पहाटेच्या सहा आठवड्यांनी शिकवले होते. जुनी पहाटेची पानेही याच कसोटीला लावली, तेव्हा शंभराहून अधिक पानांतून जेमतेम तीन वाचली.

महिनाअखेरीला जे दिसले ते मला अपेक्षित नव्हते. मी माझी लेखनाची ‘योग्य वेळ’ शोधत होते आणि तशी एक वेळ सापडलीच नाही. ‘लिहिणे’ या एकाच शब्दाखाली मी चार वेगवेगळी कामे करत होते आणि प्रत्येकाची वेळ निराळी होती. संवाद रात्री साडेनऊनंतर, भांडी आवरून झाल्यावर चांगले उतरत, बहुधा दिवसभर ऐकलेली बोलणी तोवर कानात ताजी असत म्हणून. काटछाट दुपारी जेवणाच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासात उत्तम होई. त्या वेळी मी ऑफिसच्या मनःस्थितीत असते आणि अनावश्यक खर्च मला दिसतो. नवा प्रसंग सुचणे आणि त्याची मांडणी करणे यासाठी मात्र सलग तीन तास लागत आणि ते घरी मिळत नव्हते. म्हणून मी महिन्यातले दोन शनिवार पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसू लागले. १८३२ साली स्थापन झालेले हे देशातले सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय मानले जाते. पण मला त्याचे महत्त्व असे की तिथे मला कोणी हाक मारत नाही.

चौथे काम सर्वांत लहान आणि सर्वांत मोलाचे, आणि ते होते रायबंदरच्या फेरीबोटीत. बोट पलीकडे पोचेपर्यंत जी काही मिनिटे मिळतात त्यांत लिहिणे अशक्य असते. दुचाकींच्या गर्दीत नीट उभे राहता आले तरी पुष्कळ. पण त्या मिनिटांत एकाच प्रश्नाचा विचार करायचा असे मी ठरवून घेतले आहे : आज रात्रीच्या प्रसंगात माझ्या पटकथेतल्या बाईला काय हवे आहे आणि ते तिला कोण मिळू देणार नाही. उत्तर मिळाले तर रात्रीचे काम सोपे होते. नाही मिळाले तर रात्री वही उघडायचीच नाही, हाही आता नियम आहे. पहाटेच्या पंथातल्या मंडळींना ही पळवाट वाटेल. माझ्या खतावणीत मात्र अशा उत्तराविना लिहिलेल्या रात्रींसमोर शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे शून्य आहे.

कार्डांच्या बाबतीतही असेच झाले. भिंतीवर रंगीत कार्डे लावून पटकथेची रचना एका नजरेत पाहणे ही पद्धत अनेकांच्या उपयोगी पडते आणि ती मी मनापासून करून पाहिली. आमचे घर चिऱ्याचे, जून महिना, भिंतीला ओल. चिकटपट्टी संध्याकाळपर्यंत टिकत नसे, आणि सकाळी सासूबाई झाडताना सापडलेली कार्डे गठ्ठ्याने टेबलावर आणून ठेवत. पण दोष केवळ पावसाला देऊन चालणार नाही. मी कार्डे सुवाच्य अक्षरात पुन्हा पुन्हा लिहीत बसे, रंग बदलत बसे, आणि त्यालाच काम समजे. आता मी खतावणीचाच उपयोग करते. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, म्हणजे खर्चाची बाजू. या प्रसंगात प्रेक्षकाच्या पदरात नवे काय पडले ते जमेच्या बाजूला, आणि पात्राला त्यासाठी काय गमवावे लागले ते नावे. दोन्ही रकाने रिकामे असतील तर प्रसंग कितीही सुंदर लिहिलेला असो, तो जातो. नुसती जमाच दिसत असेल तर त्या प्रसंगात कोणीतरी प्रेक्षकासाठी माहिती वाचून दाखवत आहे असे समजावे. तिसऱ्या खर्ड्यातले अकरा प्रसंग मी या हिशेबाने काढले. शिक्षकाला, शेतकऱ्याला किंवा परिचारिकेला ही पद्धत उपयोगी पडेल असे मी म्हणणार नाही, कारण मला ती सुचली ती माझ्या धंद्यातून.

या संदर्भात एका तांत्रिक नियमाचाही उल्लेख करते, कारण आमच्या कार्यशाळेत तो वेदवाक्यासारखा सांगितला गेला होता. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा तो नियम. इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या ठरावीक अक्षरात, ठरावीक समासात आणि तिकडच्या कागदाच्या मापात तो जन्मला. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळींतले अंतर वाढवावे लागते, अक्षरांची रुंदी सारखी नसते, आणि आपल्यापैकी पुष्कळजण आजही हाताने लिहितात. शिवाय आपल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली संहिता दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की चिन्हांचा पाऊस पडतो तो वेगळाच. माझी एक अख्खी पटकथा मुंबईत अशीच पोचली होती. मी शेवटी घड्याळ लावून प्रत्येक प्रसंग मोठ्याने वाचू लागले आणि हालचालींसाठी डोळे मिटून थांबू लागले. धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या बाईचा आठ ओळींचा प्रसंग जवळजवळ दोन मिनिटांचा निघाला आणि दोन पानांचे भांडण दीड मिनिटात संपले. यामुळे नियम चुकीचा ठरत नाही, पण पाने मोजून स्वतःला शाबासकी देण्याची माझी सवय मात्र मोडली.

मोठ्याने वाचण्यावरून माझ्या वडिलांकडे येते. आमच्या गावच्या उत्सवी नाटकांना ते तीसेक वर्षे प्रॉम्प्टर होते. नारळ ठेवून तालमी सुरू झाल्या की जत्रेच्या रात्रीपर्यंत त्यांच्या हातून नाटकाची वही सुटत नसे, आणि कुठल्या वाक्यावर कोण अडखळणार हे त्यांना नटाच्या आधी कळत असे. माझे माहेर गावातच असल्याने रविवारी संध्याकाळी मी त्यांना प्रसंग वाचून दाखवते. सुरुवातीला मला भीती होती की ते नाटकासारखे पल्लेदार संवाद मागतील. झाले नेमके उलटे. एका प्रसंगात म्हातारा मुलाला म्हणतो, की तू गेल्यापासून मी रोज संध्याकाळी या सोप्यावर बसून असतो. वडिलांनी हात वर केला आणि कोकणीत म्हणाले, “हें ताणें सांगपाक जाय कित्याक? तो थंय बशिल्लो दिसता न्हय?” म्हणजे, हे त्याने सांगायला कशाला हवे, तो तिथे बसलेला दिसतो आहे ना? जन्मभर शब्द पुरवण्याचे काम केलेल्या माणसाला शब्द कुठे नकोत हे इतके स्वच्छ कळावे, याचे मला अजून नवल वाटते. ते वाक्य मी तिथल्या तिथे खोडले. ओगुनी यांच्याविषयी वाचले ते त्यानंतर, आणि तेव्हा मला माझे वडीलच आठवले.

ते कोकणीत बोलले हाही इथला मुद्दा आहे, कारण गोव्यात मराठीत पटकथा लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट स्वतःची स्वतः सोडवावी लागते, आणि त्याविषयी बाहेरून आलेले मार्गदर्शक सहसा बोलत नाहीत. आम्ही वाचतो मराठीत, नाटक करतो मराठीत, भजन म्हणतो मराठीत, आणि चुलीपाशी, बाजारात, फेरीबोटीत बोलतो कोकणीत. पहिली काही वर्षे मी संवाद थेट मराठीत लिहीत असे आणि माझी मासे विकणारी बाई उत्सवी नाटकातल्या राणीसारखी बोलत असे. आता पहिला खर्डा लिहिताना पात्र ज्या भाषेत तोंडात येईल त्या भाषेत मी त्याला बोलू देते. दृश्यांचे वर्णन मराठीत आणि बोलणे कोकणीत, अशी ती खिचडी असते. दुसऱ्या खर्ड्यात ठरवते की कोणाचे बोलणे मराठीत आणायचे आणि कोणाचे तसेच ठेवायचे. त्यामुळे वेळ जास्त लागतो खरा, पण मराठीत आणलेल्या वाक्यालाही मूळच्या तोंडाची ठेवण राहते. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या लेखकाला या पायरीची गरज नसेल. मला ती टाळून चालत नाही हे कळायला चार वर्षे लागली.

मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे पूर्वीपासून वेगवेगळी येतात आणि पुष्कळदा ती तीन वेगळ्या माणसांची असतात. आपल्या चित्रपटसृष्टीने ही तीन कामे निराळी आहेत हे फार पूर्वी ओळखले आहे. मग तिन्ही कामे एकट्याने करणाऱ्या नवोदिताला त्या तिन्हींसाठी एकच वेळ, एकच जागा आणि एकच रीत का सांगितली जाते, हे मला समजत नाही.

आपल्या वृत्तपत्रातून कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थांना एक विनंती करावीशी वाटते. सलग दोन दिवस व्याख्याने ठेवण्याऐवजी तेच तास चार महिन्यांतल्या चार रविवारांत वाटावेत. पहिल्या रविवारी रचना शिकवावी आणि प्रत्येकाला कोरी वही द्यावी. पुढच्या वेळी प्रत्येकाने आपला महिन्याचा रोजमेळ घेऊन यावे, केव्हा बसलो, काय केले, त्यातले काय टिकले, आणि त्यावर मार्गदर्शकांनी बोलावे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची पटकथा प्रयोगशाळा निवडक लेखकांना मार्गदर्शकांबरोबर टप्प्याटप्प्याने काम करू देते. तेवढा खर्च तालुक्याच्या पातळीवर शक्य नाही, पण मध्ये काही आठवडे जाऊ देण्याला पैसे पडत नाहीत. शेवटच्या रविवारी गावोगावच्या उत्सवी नाटकांतल्या नटांना बोलावून संहिता मोठ्याने वाचून घ्याव्यात. अशी माणसे फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या तालुक्यांत हवी तितकी मिळतील आणि बहुतेक जण आनंदाने येतील. प्रॉम्प्टर हवा असेल तर माझे वडील तयार आहेत. मात्र रात्री आठच्या आत त्यांना घरी पोचवावे लागेल.

आपली विश्वासू,
एक वाचक,
चोडण, तिसवाडी